घरात अडकून पडलोय, दिवसाची घडी कशी बसवायची?

मंगळवारपेठ | १७ एप्रिल २०२०, सकाळी १०:४२

नमस्कार मंडळी. साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे, खाली चार खोल्या आणि वर माडी. सासरे म्हणजे आमचे अप्पा, वय ७२, रयत शिक्षण संस्थेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. पाऊस असो, थंडी असो, पहाटे साडेपाचला काठी घेऊन अजिंक्यताऱ्याला निघायचे. वर मंगळाईला हात जोडायचे, उतरून कट्ट्यावर चहा, पेपर, आणि साडेआठला घरी. त्या एका फेरीवर त्यांचा सगळा दिवस उभा होता. भूक वेळेवर, गोळ्या वेळेवर, रात्री दहाला गाढ झोप.

२२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून हे सगळं थांबलंय. आता टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली. फिरायला निघालेल्यांना पोलीस नाक्यावरूनच परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण अप्पा सकाळी आठपर्यंत अंथरुणात, मग टीव्हीसमोर त्याच त्या बातम्या. दुपारी दोन-दोन तास झोपतात आणि रात्री दोनला माडीवर त्यांची पावलं वाजतात. बोटातून रक्त काढून बघायचं यंत्र घरी आहे, साखर चढलेली दिसते. बोलणं अगदी कमी झालंय, त्याचीच जास्त काळजी वाटते.

मुलगी आठवीत, परीक्षा रद्द झाल्यापासून ती रात्री बारापर्यंत मोबाइलवर. धाकटे दीर पुण्याहून आलेत, त्यांचं ऑफिस माडीवरच चालतं. घरात प्रत्येकाचं घड्याळ वेगळं झालंय.

भिंतीवर चिकटवायचं वेळापत्रक नको आहे. तुमच्या घरात प्रत्यक्षात काय टिकलं ते सांगा.

पोवईनाका | १७ एप्रिल, ११:०५

ताई, तुमचे अप्पा म्हणजे गडावरून उतरल्यावर डांबरीला लागायच्या आधी बूट काढून दगडावर दोनदा आपटतात, तेच का? तसं असेल तर रोजचा नमस्कार आहे आमचा. नाव मात्र आजवर विचारलं नाही.

मंगळवारपेठ | १७ एप्रिल, ११:१२

अहो तेच ते! घरी माती आणायची नाही म्हणून. त्यांना वाचून दाखवलं, तर बरेच दिवसांनी हसले.

चारभिंती | १७ एप्रिल, ११:४०

अप्पांना सांगा, १९४३ साली वसंतदादांनी सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उडी मारली, पण तेव्हा बाहेर कोरोना नव्हता. म्हणून आता धीर धरा. :)

आमच्या घरी टिकलेली एकच गोष्ट म्हणजे सगळ्यांनी एकत्र सकाळचा चहा. सात म्हणजे सात. उशिरा उठेल त्याने स्वतः करून प्यायचा.

बेदाणा | १७ एप्रिल, दुपारी १:२०

तासगाव तालुक्यातून लिहितोय. आम्हा रानातल्या माणसांना घरात बसायची सोय नाही. यंदा ऐन काढणीत व्यापारी आले नाहीत. वेलीवर माल तसाच, मग काय, बेदाणा करायला शेडवर नेला. द्राक्ष डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायचं, जाळीच्या रॅकवर पसरायचं आणि वाळायची वाट बघायची. पैशाचं काय होईल ते होईल. पण दिवस कसा घालवायचा हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच पडला नाही.

सांगायचं ते हे. आमचे दादा, म्हणजे वडील, तुमच्या अप्पांच्याच वयाचे. रोज सकाळी मांडी घालून बेदाण्याच्या काड्या काढतात आणि माल रंगानं वेगळा करतात. हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळपट तिसरीकडं. त्यांनी निवडलेला माल आम्ही परत निवडत नाही. म्हाताऱ्या माणसाला "व्यायाम करा" म्हणू नका, काम द्या. आणि काम असं द्या, की त्यांनी नाही केलं तर घराचं अडलं पाहिजे. खोटं काम त्यांना लगेच कळतं.

कराडची_सुगरण | १७ एप्रिल, २:१५

बेदाणा दादांशी सहमत. पण मला एक रोखठोक विचारायचंय, राग मानू नका. "घरात अडकल्यावर दिनक्रम" म्हणून रोज जे मेसेज येतात त्यात पहाटे उठा, प्राणायाम करा, वाचन करा, छंद जोपासा. आणि भांडी?

आमच्याकडे धुण्या-भांड्याच्या मावशी येत नाहीत. त्यांचा पगार चालू ठेवलाय, तो विषय नाही. पण घरात सहा माणसं चोवीस तास. पूर्वी सकाळी डबे गेले की बारापर्यंत घर माझं असायचं. पोस्टाच्या एजन्सीची कामं करायचे, शेजारी जायचे, अर्धा तास नुसती बसायचे. आता नाश्ता संपतो तोवर कुकर लावायची वेळ, जेवणं उरकतात तोवर चार वाजताचं "काहीतरी खायला". रात्री ओटा पुसून पाठ टेकते तेव्हा बाकीचे सिनेमा कुठला लावायचा यावर वाद घालत असतात. टाळेबंदीत घरातल्या पुरुषांना आणि मुलांना वेळ मिळालाय, तो आमच्या वेळेतून कापून दिलाय.

त्यामुळे ताई, अप्पांची घडी बसवताना तुमची स्वतःची विसरू नका. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये सासरे आहेत, मुलगी आहे, दीर आहेत. तुम्ही कुठेच नाही.

चारभिंती | १७ एप्रिल, २:३१

या प्रतिसादाला शंभर वेळा +१. आत्ता उठून ताटं घासली.

हिंजवडी_ते_वाई | १७ एप्रिल, ३:५०

कराडच्या ताई, बरोबर आहे तुमचं. पण घरून काम करणाऱ्यांना वेळ मिळालाय असं सरसकट नका म्हणू. मी वाईला घरी येऊन काम करतोय. पूर्वी ऑफिस सुटलं की बस पकडावी लागायची, म्हणून काम संपायचं. आता संपतच नाही. रात्री साडेअकराला कॉल, सकाळी नऊला पुन्हा कॉल, आणि आईला वाटतं पोरगा दिवसभर घरीच आहे.

मला उपयोग झाला तो कपड्यांचा. कॉल असो-नसो, नऊला अंघोळ करून शर्ट-पँट घालून बसतो. संध्याकाळी सातला लॅपटॉप बंद करून लोखंडी कपाटात ठेवतो, कपडे बदलतो आणि परड्यातल्या झाडांना पाणी घालतो. वरिष्ठांना मेलवर कळवलं, की सात ते नऊ मी नाही. कुणी काही बोललं नाही.

कराडची_सुगरण | १७ एप्रिल, ४:०२

तुमच्यासारखे सातला उठून पाणी घालणारे असतील तर माझी तक्रार नाही. :) पण एकदा आईला विचारा, तिचं काम किती वाजता संपतं.

मिरज_फिजिओ | १७ एप्रिल, रात्री ९:३०

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. अप्पांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी झोपेचं. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते रोज सकाळच्या उजेडावर लागतं. या शरीरातल्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. अप्पा रोज पहाटे गड चढत होते तेव्हा पायांना व्यायाम व्हायचाच, पण डोळ्यांना मोकळ्या आभाळाचा उजेडही मिळायचा. आता ते आठपर्यंत बंद खोलीत आहेत, म्हणजे घड्याळाला किल्लीच मिळत नाही. खोलीतला दिवा कितीही मोठा लावला तरी बाहेरच्या उजेडाच्या पासंगाला पुरत नाही. म्हणून पहिली गोष्ट, उठायची वेळ पक्की करा, साडेपाच नाही तर सहा. झोपायच्या वेळेची सक्ती करू नका, ती मागोमाग येते. उठल्यावर अर्ध्या तासात अंगणात किंवा गच्चीवर.

साखरेचं. एकदाच तासभर चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चाललेलं जेवणानंतर चढणाऱ्या साखरेला जास्त आवर घालतं. पायाच्या स्नायूंना काम मिळालं की ते रक्तातली साखर ओढून घेतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो असा तुकड्या-तुकड्यांनी सहज भरतो. आणि अर्धा तास सलग बसलं की उठायचंच.

ताकदीचं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी घेऊन उठायचं, सावकाश बसायचं. दहा वेळा, दिवसातून दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. गड चढणाऱ्या माणसाची मांडी महिनाभर बसून राहिली तर फार लवकर उतरते, या वयात तर जास्तच. माडीचा जिना वापरायला हरकत नाही, पण कठडा धरून. चढताना त्रास नसतो, माणसं पडतात ती उतरताना.

आता सावधगिरी. मधुमेह आहे म्हणून लिहिते. गच्चीवर अनवाणी चालू देऊ नका. एप्रिलमध्ये नऊनंतर फरशी तापते. मधुमेहात तळव्यांची जाणीव कमी झालेली असू शकते, चटका कळतच नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. नेहमीचे बूट-मोजे घालूनच चालायचं, आणि रात्री तळवे रोज बघायचे. साखर चढलेली दिसते म्हणून मनाने गोळी वाढवू नका आणि जेवणही तोडू नका. नेहमीच्या डॉक्टरांना आकडे फोनवर कळवा. अंगाला घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं तर आधी साखर तपासा, ती उतरलेली असू शकते.

पोवईनाका | १७ एप्रिल, ९:५५

हा प्रतिसाद घरातल्या सगळ्यांना पाठवला. गच्चीच्या फरशीचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

वनौषधी | १८ एप्रिल, सकाळी ७:१५

फिजिओ मॅडमचं उत्तम. दुपारच्या झोपेबद्दल थोडं वेगळं मत. आयुर्वेदात दिवसा झोपणं निषिद्ध मानलंय, पण ग्रीष्माचा अपवाद आहे. वाग्भटांनी ऋतुचर्येत तसं सांगितलंय. रात्र लहान, ऊन कडक, शरीर कोरडं पडतं. तेव्हा अप्पांची दुपारची झोप एकदम तोडू नये. डाव्या कुशीवर वामकुक्षी असावी.

मिरज_फिजिओ | १८ एप्रिल, ७:५०

वामकुक्षीला माझा विरोध नाहीच. पण वामकुक्षी अर्ध्या तासाची. दोन तास झोप झाली की रात्री झोपेची ओढच राहत नाही. तीनच्या आत उठवा, हाक मारून नाही उठले तर पडदा उघडा.

वनौषधी | १८ एप्रिल, ८:०२

हे मान्य. वेळेचं मी लिहायला हवं होतं.

औंधची_यमाई | १८ एप्रिल, १०:२०

सातारा जिल्ह्याचा धागा आणि अजून कुणी सूर्यनमस्कार म्हटलं नाही? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. राजा स्वतः रोज घालायचा, घरच्यांनाही घालायला लावायचा. एका सतरंजीएवढ्या जागेत होणारा व्यायाम, घरात अडकलेल्या माणसाला याहून सोयीचं काय? मुलीला बाराने सुरुवात करायला सांगा. अप्पांना मात्र पूर्ण वाकून घालायला लावू नका, मॅडमनी सांगितलेलंच बरं.

अवांतर: याच संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना कोठडीऐवजी माळरान दिलं, शेती करायला लावली, बायका-मुलांसोबत राहू दिलं. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात. बंदिवासातल्या माणसाला सरळ ठेवायचं तर त्याच्या हाताला काम आणि शेजारी आपलं माणूस हवं, हे तेव्हाच कुणाला तरी उमगलं होतं. बेदाणा दादा म्हणतात ते याहून वेगळं नाही.

बेदाणा | १८ एप्रिल, १२:४५

आटपाडीचा माळ बघितलाय मी. तिथं पाण्याचा थेंब मिळवायला काय करावं लागतं ते तिथल्यांनाच ठाऊक. त्या कैद्यांनी तिथं शेती केली म्हणजे मानलं पाहिजे.

गावभाग_सांगली | १८ एप्रिल, दुपारी ४:१०

आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये महापुरात वरच्या मजल्यावर अडकलो होतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. तळमजला पाण्यात, वीज नाही, शेजारच्या दोन घरची माणसं आमच्याकडे. तेव्हा आईनं ठरवून टाकलं, स्वयंपाक दिवसातून दोनदाच, प्यायचं पाणी एकच माणूस वाटणार, आणि संध्याकाळी दिवा लागला की सगळ्यांनी एका खोलीत बसून मोठ्यानं काहीतरी म्हणायचं. मुलांनी पाढे म्हटले, आजीनं अभंग, बाबांनी हळदीचे जुने भाव.

त्या वेळी आणि आत्ता एक फरक आहे. तेव्हा पाणी जिन्याच्या कितव्या पायरीवर आहे ते डोळ्यांना दिसायचं. एक पायरी उघडी पडली की जीव भांड्यात पडायचा. या आजाराची पायरी दिसत नाही, म्हणून माणसं टीव्हीवरच्या आकड्यात ती शोधत बसतात. तुमचे अप्पाही तेच करत असणार. आम्ही घरात ठरवलंय, बातम्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा, मध्ये टीव्ही बंद. सुरुवातीला बाबा चिडले. आता सातची वाट बघतात आणि ऐकून झालं की स्वतःच बंद करतात.

पाटणखोरे | १८ एप्रिल, रात्री ८:४०

मी मुंबईहून २० मार्चला गावी आलो. हातावर शिक्का, १४ दिवस वेगळं राहायचं. घरात म्हातारे आई-वडील, म्हणून मी मळ्यातल्या खोलीत. आई बांधावर डबा ठेवून लांब उभी राहायची, मी घेतला की जायची. एकट्याला कसला आलाय दिनक्रम, असं वाटायचं. पण आईची डब्याची वेळ पक्की होती. साडेबारा आणि साडेसात. ती यायच्या आत अंघोळ झालेली, खोली झाडलेली हवी, नाहीतर ती लांबूनच ओरडायची. तेवढ्यावर मी माणसात राहिलो.

ज्यांच्या घरी कुणी एकटं अडकलंय, त्यांनी ठरल्या वेळी फोन करा. अधूनमधून केलेल्या दहा फोनपेक्षा रोज सकाळी नऊचा एक बरा. माणूस त्या वेळेसाठी तयार होतो.

पोवईनाका | १८ एप्रिल, ९:१५

पाटणखोरे, तुमच्या प्रतिसादावरून सुचलं. ताई, गडावर येणाऱ्या आमच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सगळेच साठीच्या पुढचे, सगळेच घरात कावलेत. सकाळी सहाला ग्रुप कॉल लावू. एका वेळी चौघं, पाळीपाळीने. प्रत्येकाने आपापल्या गच्चीवर किंवा अंगणात चालायचं आणि बोलायचं. अप्पांना घ्यायचं काम माझं. तुम्ही फक्त त्यांना फोन कानाला लावून चालायला वायरचे इअरफोन द्या, म्हणजे एक हात कठड्याला राहील.

मिरज_फिजिओ | १८ एप्रिल, ९:२८

उत्तम! चालता-चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग ठेवा सगळ्यांनी.

चारभिंती | १८ एप्रिल, ९:३३

आमचे काका एरवीही गातात, त्यांचं काय करायचं?

पोवईनाका | १८ एप्रिल, ९:३५

त्यांना म्यूट.

मंगळवारपेठ | २६ एप्रिल, दुपारी ३:१०

सगळ्यांना अक्षय्य तृतीयेच्या शुभेच्छा. उशिरा लिहितेय.

सहाचा कॉल सुरू आहे. पहिल्या दिवशी अप्पा "कशाला ते नाटक" म्हणत नुसते उभे राहिले. दुसऱ्या बाजूने कुणीतरी विचारलं, "मास्तर, तुमच्या गच्चीवरून गड दिसतोय का?" आमच्या गच्चीवरून दिसतो, त्यांच्या नाही. मग अप्पांनी ऊन कुठवर आलंय, दरवाजाजवळचं गवत कसं पिवळं पडलंय ते सगळं सांगितलं, आणि सांगता-सांगता या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. आता साडेपाचलाच मोजे शोधतात.

बेदाणा दादा, कामाचंही ऐकलं. शेजारच्या दोन मुलांची आणि आमच्या मुलीची गणितं अप्पा फोनवर घेतात, अकरा ते बारा. मुलांच्या आयांनी तशी गळ घातली, आणि खरंच त्यांना गरज होती. त्यामुळे अप्पांना आदल्या दिवशी उदाहरणं काढून ठेवावी लागतात. मुलगीही त्यानिमित्ताने वेळेवर उठते, आजोबांसमोर जांभया देता येत नाहीत.

दुपारची झोप अजून तासाच्या खाली आलेली नाही. साखर थोडी खाली आहे. डॉक्टरांशी फोनवर बोललो, गोळ्या तशाच ठेवल्यात, पंधरा दिवसांनी पुन्हा आकडे कळवायचे आहेत. रात्री एकदा उठतात, पण परत झोपतात.

आणि कराडच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी रात्री जेवताना सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दीर पोळ्या लाटायला आले. आता रात्रीचा स्वयंपाक ते आणि माझा नवरा करतात, भांडी मुलगी विसळते. साडेसहा ते आठ मी माडीवर असते, दार लावून. कधी वाचते, कधी माहेरी फोन, कधी काहीच नाही.

कराडची_सुगरण | २६ एप्रिल, ३:४४

वाचून फार बरं वाटलं. पोळ्या गोल येतायत का?

मंगळवारपेठ | २६ एप्रिल, ३:५०

येत नाहीत. कुणी नावं ठेवत नाही.

विटा_खानापूर | २७ एप्रिल, सकाळी ९:०५

धागा आत्ता पूर्ण वाचला. फिजिओ मॅडम, एक शंका. आमची आजी ८१ वर्षांची, गच्ची नाही, घर दोन खोल्यांचं. गुडघे दुखतात म्हणून ती दिवसभर कॉटवर. खुर्चीवरून उठायला सांगितलं तर हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. तिला काय द्यावं?

मिरज_फिजिओ | २७ एप्रिल, दुपारी १:३०

हात टेकून उठू दे, काही बिघडत नाही. खुर्ची उंच घ्या, नाहीतर सीटवर घडी केलेली सतरंजी ठेवा, उंची वाढली की गुडघ्यावर भार कमी येतो. पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी. कॉटवर बसूनच एक पाय सरळ करून मनात पाचपर्यंत मोजायचं, मग दुसरा. सकाळी दारात ऊन येत असेल तर खुर्ची तिथे नेऊन ठेवा आणि चहा तिथेच द्या. घरातली सटकणारी पायपुसणी उचला. गुडघ्याला सूज किंवा गरमपणा असेल, तर व्यायाम थांबवून आधी मला निरोप टाका.